चार रात्री द्या, नाहीतर सँटोरिनी सोडा

डोंबिवलीचा फडके रोड असो, ठाण्याचा गोखले रोड असो की कल्याण स्टेशनबाहेरची गल्ली, टूरवाल्यांच्या ऑफिसच्या काचेवर हल्ली एकच चित्र दिसतं. पांढऱ्या भिंती, निळा घुमट, खाली निळं पाणी. पूर्वी त्या जागी स्वित्झर्लंडचा बर्फ असायचा, त्याआधी काश्मीरचा शिकारा. आता सँटोरिनी. इंडिगोने मुंबई ते अथेन्स थेट विमान जाहीर केल्यापासून तर ग्रीस हा शब्द आमच्या लोकलच्या डब्यातही ऐकू येऊ लागला आहे.

जावं. जरूर जावं. आयुष्यभर ८.०२ च्या फास्टला लटकून जमवलेल्या पैशांतून कुणी एक ग्रीक बेट बघितलं तर त्यात उधळपट्टी कसली? 'त्यापेक्षा कोकणात जा, तिथे काय कमी आहे' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे की कोकण कोकणाच्या जागी आहे, त्यासाठी दुसऱ्याच्या हौसेवर पाणी ओतू नका. माझं भांडण वेगळं आहे. हे बेट आपल्याला ज्या पद्धतीने विकलं जातं आणि आपण ज्या पद्धतीने ते विकत घेतो, त्या पद्धतीशी आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी परवा टूरचा कागद वाचायला दिला. काकू-काका दोघंही निवृत्त. पहिलाच परदेश प्रवास. माणशी पावणेतीन लाख. 'ग्रीस आणि टर्की, नऊ रात्री, दहा दिवस.' कागद गुळगुळीत, रंगीत, पहिल्या पानावर अर्थातच तो घुमट. मी थेट सहाव्या दिवसावर गेलो. पहाटे सव्वापाचला हॉटेल सोडायचं, नाश्ता डब्यात मिळेल. साडेसातच्या सुमाराला पिरेयस बंदरातून बोट. दुपारी तीनला सँटोरिनी. बसने इया गाव, तिथे 'फोटो थांबा'. मग सूर्यास्त. मग भारतीय जेवण. मुक्काम. सातव्या दिवशी नाश्ता करून विमानतळ.

मी विचारलं, 'काकू, यात सँटोरिनी तुमच्या वाट्याला किती येते बघितलंत का?'

'अरे, एक रात्र आहे की! आणि तो घुमट दाखवणार आहेत.'

काका म्हणाले, 'एवढ्या लांब चाललोय तर चार गावं जास्त बघून होतील. आपलं परत थोडंच जाणं होणार आहे?'

काकांचं हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्याच्या जोरावरच हे कागद विकले जातात. परत जाणं होणार नाही हे खरं आहे. पण म्हणूनच तर थांबायला हवं. जिथे पुन्हा पाऊल पडणार नाही तिथे फक्त झोपायला जायचं, हा कुठला हिशेब? दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ म्हणजे अठरा तास. त्यातले आठ झोपेचे, दोन-तीन सामान चढवण्या-उतरवण्याचे, एक जेवणाचा. बंदरापासून कड्यावर चढणारा रस्ता वळणावळणाचा आहे आणि बोट लागली की त्यावर बसची रांग लागते, त्यातही वेळ जातो. उरलेल्या चार-पाच तासांसाठी आपण हे बेट यादीत घालतो आणि घरी आल्यावर 'सँटोरिनी केलं' म्हणतो. नाही केलं. सँटोरिनीला टेकून आलो.

आता बेट बघा. क्षेत्रफळ सुमारे ७६ चौरस किलोमीटर, म्हणजे ठाणे महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून थोडं जास्त. राहणारी माणसं साडेपंधरा हजारांच्या आसपास. आणि २०२३ मध्ये तिथे आलेले पाहुणे सुमारे ३४ लाख. एका रहिवाशामागे दोनशेहून जास्त पाहुणे. ऐन हंगामात मोठाल्या क्रूझ बोटी एकाच दिवशी येऊन खाडीत उभ्या राहायच्या आणि हजारो माणसं सकाळी उतरून संध्याकाळी परत चढायची. जुलै २०२४ मध्ये एका दिवशी हजारो क्रूझप्रवासी येणार म्हणून, गावकऱ्यांनीच शक्यतो घराबाहेर पडू नये, अशी सूचना स्थानिक प्रशासनाच्या पानावर निघाली. लोक एवढे भडकले की ती काढून टाकावी लागली. स्वतःच्या गावात स्वतःलाच घरात बसायला सांगितलं तर माणूस भडकणारच. महापौर निकोस झोर्झोस अनेक वर्षं सांगत आहेत की बेटाला आणखी एकही खाट परवडणार नाही. २०२५ पासून क्रूझप्रवाशांवर दिवसाला आठ हजारांची मर्यादा आली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर उतरणाऱ्या क्रूझप्रवाशाला ऐन हंगामात माणशी २० युरो कर बसला.

इयाच्या किल्ल्यापाशी सूर्यास्ताच्या वेळी जी गर्दी होते ती डोंबिवलीच्या पुलावर संध्याकाळच्या दोन गाड्या एकदम रिकाम्या झाल्यावर होते तशी. खांद्याला खांदा, हात वर, हातात फोन. आपण त्या पुलावरून सुटका म्हणून इतके लाख मोजतो आणि बोट, बस, गाइड करत पुन्हा त्याच पुलावर जाऊन उभे राहतो. याचा मला मनापासून राग येतो. तिथल्या लोकांवर नाही, आपल्यावरही फारसा नाही. ज्याने माहीत असून काकूंना ती जागा आणि ती वेळ विकली, त्याच्यावर येतो.

मावळणारा सूर्य बेटाच्या पश्चिमेकडून कुठूनही दिसतो. इमेरोविग्लीहून दिसतो, पिरगोस या टेकडीवरच्या जुन्या गावातून दिसतो, दक्षिणेच्या टोकाला अक्रोतिरीच्या दीपगृहापाशी दिसतो. पिरगोसला तर दोन्ही बाजूंचं बेट एकदम नजरेत येतं. पण तिथे जायचं तर मुक्काम हवा, घाई नको. इयाला जायचंच असेल तर सकाळी सातला जा. गल्ल्या रिकाम्या असतात, माणसं दुकानांपुढची फरशी धूत असतात, आणि कुणाच्या छपरावर न चढता हवे तेवढे फोटो निघतात. छपरांवर चढू नका अशा पाट्या तिथे लावाव्या लागल्या आहेत. कड्यात खोदलेल्या घरांचं छप्पर वरच्या वाटेला लागून असतं, त्यामुळे पाहुण्याला तो ओटा वाटतो. खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

ही खोदलेली घरं म्हणजे गरिबांची घरं होती. ज्वालामुखीची राख आणि मुरूम कोरून खलाशांनी केलेली. लाकूड नाही, दगड वाहून आणायला पैसा नाही, म्हणून डोंगरच पोखरला. आज त्याच खोल्यांचं एका रात्रीचं भाडं आपल्याकडच्या कारकुनाच्या महिन्याच्या पगाराला भारी पडतं. मधल्या काळात काय झालं हे कागदावर नसतं. ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप झाला, निदान ५३ माणसं गेली, घरं कोसळली, आणि पुष्कळ कुटुंबांनी बेट सोडलं. पर्यटनाची लाट आली ती त्यानंतर. आणि हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली, अकरा हजारांहून जास्त माणसं बोटींनी आणि विमानांनी बेटाबाहेर गेली. धक्के थांबल्यावर लोक परतले, भिंतींना चुना लावला, दुकानं उघडली. तेव्हा निघण्याआधीच्या आठवड्यात तिथली बातमी वाचा, आणि प्रवास रद्द झाला तर पैसे देणारा विमा काढा.

पाण्याचं तर आपल्या लोकांना सांगायलाच नको. बेटावर नदी नाही. जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायचे हौद असायचे, आता बहुतेक पाणी समुद्राचं गोडं करून वापरतात. टँकरची वाट बघत कळशा लावून बसलेल्या दिवा गावातल्या किंवा कल्याणच्या सत्तावीस गावांतल्या बाईला याचा अर्थ लगेच कळेल. तिथे गेल्यावर नळ उघडा टाकून दात घासणारा आपला माणूस दिसला तर त्याला तिथल्या तिथे टोका.

कधी जायचं? याचं उत्तर आपल्याच बाजूचं आहे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. युरोपातला बहुतेक पाहुणा जुलै-ऑगस्टमध्ये तिथे लोटतो, कारण त्याच्या पोरांना तेव्हा सुट्टी असते. ऊन कडक, भाडी दुप्पट, आणि एजियन समुद्रावरचा उत्तरेचा मेल्तेमी वारा असा सुटतो की बोटी रद्द होतात. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. मेमध्ये सँटोरिनी सगळ्यात छान असतं. डोंगरावर फुलं असतात, हवा गार-उबदार असते, सूर्य आठनंतर मावळतो, म्हणजे दिवस मोठा मिळतो. समुद्राचं पाणी पोहायला अंमळ थंड, एवढंच. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तीही चांगली. तेव्हा समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं बंद. म्हणजे मराठी घराच्या दोन्ही सुट्ट्या बेटाच्या चांगल्या दिवसांवर येतात, आणि तरी टूरवाला 'मान्सून स्पेशल' म्हणून जुलैची तारीख पुढे करतो. ती घेऊ नका.

राहायचं कुठे यावरून घराघरात वाद होतात. कड्यावरची खोली हवी, खिडकीतून समुद्र दिसायला हवा. एक रात्र ती चैन करायची तर करा, बाकीच्या तीन रात्री खाली उतरा. बेटाच्या पूर्वेला पेरिसा आणि कामारी ही दोन समुद्रकाठची गावं आहेत, काळ्या वाळूची. खोल्या कड्यावरच्या मानाने बऱ्याच स्वस्त. सार्वजनिक बस सगळ्या फिरा या मुख्य गावातून सुटतात, त्यामुळे कुठेही जायचं तर फिराला येऊन गाडी बदलायची. कल्याण जंक्शनवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. टॅक्सी थोड्या आणि महाग. फिरा ते इया कड्याच्या कडेने पायवाट आहे, साधारण दहा किलोमीटर, रमतगमत तीन-चार तासांची. ठाण्याच्या येऊरला सकाळी चालणाऱ्या साठीच्या मंडळींना ती सहज जमेल. पाणी आणि टोपी मात्र हवीच, वाटेत सावली नाही.

जुन्या बंदरापासून फिराला वर यायला पाचशे ऐंशीच्यावर पायऱ्या आहेत, नाहीतर रोपवे. क्रूझने आलेल्यांची रोपवेला रांग लागते आणि कंटाळलेली माणसं गाढवावर बसतात. बसू नका. उन्हात, गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर, दिवसभर माणसं वाहून त्या जनावरांची पाठ सोलली जाते. २०१८ मध्ये ग्रीक सरकारला नियम करावा लागला की जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार घालायचा नाही. गाढवाच्या वजनाचा पाचवा हिस्सा म्हणजे आपल्यातले बहुतेक मोठे लोक बादच.

जेवणाबद्दल स्पष्ट बोलतो. सँटोरिनीत जाऊन 'भारतीय जेवण' मागणं हा त्या गावाचा आणि आपल्या जिभेचा अपमान आहे. शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती आपल्याला घातली जाते, कारण जेवणाच्या नावाखाली पॅकेजची किंमत वाढवता येते. तिथलं सगळ्यात जुनं आणि घरगुती अन्न म्हणजे डाळ. फावा म्हणतात. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर चिरलेला कांदा, ऑलिव्हचं तेल, लिंबू. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे. शिवाय टोमॅटोची भजी, पुदिना घातलेली, गरमगरम. तिथला टोमॅटो लहान, जाड सालीचा आणि चवीला तेज, कारण त्याला पाणी मिळालेलं नसतं. पांढरी वांगी मिळतात, चवीला गोडसर. वरण-भातावर वाढलेल्या माणसाला चार दिवस आनंदाने जेवता येईल एवढं तिथे आहे. मांसाहारी आणि मासे खाणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. बॅगेत चकली-चिवडा जरूर ठेवा, पण तो बोटीवरच्या सात तासांसाठी.

एक द्राक्षाचा मळा बघा. दारू पिणारे असा-नसा. नाशिकचे मांडव डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर आधी मळा दिसणारच नाही. मांडव नाही, तारा नाहीत. जमिनीलगत, राखट मातीवर, वेलीच्या फांद्या गोल गोल विणून टोपली केलेली असते आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढतात. वाऱ्याने उडणारी वाळू बाहेरच्या फांद्यांवर आदळते, आत फळ शाबूत राहतं. पाणी कुणी घालत नाही. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा ती सच्छिद्र माती शोषून घेते आणि वेल त्यावर जगते. ही विणकाम करणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. जमिनीच्या तुकड्यावर हॉटेल बांधलं तर एका हंगामात जेवढं मिळतं, तेवढं द्राक्षांतून अनेक वर्षांत मिळत नाही. सत्तावीस गावांतल्या भाताच्या खाचरांचं पुढे काय झालं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी त्या मळ्याच्या बांधावर पाच मिनिटं तरी उभं राहावं.

आणि आता ज्यासाठी मी चार रात्रींचा हट्ट धरतो ती गोष्ट. बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटला, मधला भाग समुद्रात बसला आणि आज आपण फोटोत बघतो ते अर्धवर्तुळ उरलं. त्या स्फोटाच्या राखेखाली एक अख्खं शहर गाडलं गेलं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, धान्याचे रांजण. स्पिरिडोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. राखेत माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. आधीच्या धक्क्यांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत. पण भिंती रंगवलेल्या होत्या, आणि रंग टिकले.

त्यातल्या एका खोलीच्या भिंतीवर माकडं आहेत. निळ्या रंगात काढलेली, खडकांवर चढणारी. ग्रीसमध्ये माकडं नाहीत. मग ही कुठली? पुष्कळ वर्षं ती आफ्रिकेतली समजली जात होती. २०१९-२० मध्ये पुरातत्त्वज्ञ आणि माकडांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकत्र बसले. त्यांनी शेपट्या बघितल्या. ही माकडं शेपटी वर उचलून, वाकवून धरतात. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे आपल्या उपखंडातलं वानर आहे. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, येऊरच्या जंगलात आणि देवळांच्या कळसांवर दिसतं ते. चित्रकाराने ते जिवंत बघितलं की सिंधूपासून मेसोपोटेमियापर्यंतच्या व्यापारातून आलेलं एखादं चित्र बघितलं, यावर वाद चालेल. पण वानर त्या भिंतीवर आहे. फिरामधल्या प्रागैतिहासिक थेराच्या संग्रहालयात ते चित्र ठेवलं आहे, बसथांब्यापासून दोन मिनिटांवर. काकूंच्या कागदावर त्या संग्रहालयाचं नाव नाही, अक्रोतिरीचंही नाही. हनुमानाच्या देवळापुढून चप्पल काढल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या माणसाला सँटोरिनीत वानर आहे हे न दाखवता परत आणतात, आणि वर पावणेतीन लाख घेतात.

दुसऱ्या बाजूनेही माणसं आलेली आहेत, थेट आपल्या दारात. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. पेरिप्लस नावाने ती ओळखली जाते. त्यात 'कल्लियेना' आहे. म्हणजे आपलं कल्याण. तो लिहितो की पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, पण आता सत्तेच्या भांडणात व्यापार अडला आहे आणि चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली खाडी आहे ना, तीच ही वाट. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी पुन्हा कल्याणचं मोठं बंदर म्हणून नाव घेतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या माणसांची नावं कोरलेली आहेत, त्यांत व्यापारी आहे, सोनार आहे, लोहार आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर 'यवन', म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

ती माणसं मोसमी वाऱ्यावर यायची. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघायचं, पावसाळा सरताना इकडे पोचायचं आणि वारा फिरेपर्यंत थांबायचं. महिनोन्‌महिने. आपला बाजार, आपलं अन्न, आपली माणसं बघायला त्यांच्यापाशी वेळ होता. त्यांच्या समुद्रातलं बेट बघायला आपण चार रात्रीसुद्धा काढू नयेत? ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांनी ग्रीसला निघण्याआधी एका रविवारी त्यांना कान्हेरीला न्यावं. कल्याणच्या सोनाराचं नाव दगडावर बघितलेलं पोर अक्रोतिरीच्या भिंतीपुढे कंटाळणार नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा आणि तो गेल्या दहा वर्षांतला हवा. शेंगेन व्हिसा मोठ्यांसाठी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं शुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. टर्की शेंगेनमध्ये नाही, तिचा व्हिसा निराळा, खर्च निराळा, आणि आयुष्यातल्या पहिल्या परदेश प्रवासात ती जोडू नये असं माझं स्वच्छ मत आहे. दलालाने 'बँकेत तात्पुरते पैसे फिरवून घ्या' असं सांगितलं तर त्याच्याकडून उठून या. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला सगळ्यात आधी दिसते. पॅकेजवर टीसीएस हा कर आगाऊ कापतात, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. पुष्कळ निवृत्त माणसं तो परत मिळतो हेच विसरतात.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. वारा उठला की बोट थांबते, आणि अथेन्सहून मुंबईचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. ती शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा.

काका-काकूंसाठी आम्ही बसून दुसरा कागद केला. अथेन्स तीन रात्री, सँटोरिनी चार, परत अथेन्स एक. टर्की काढली. ऐनवेळी भाडं वाढलं नाही तर खर्च पहिल्या कागदाच्या वर जाऊ नये. काका अजून 'आठच रात्री आणि एकच देश?' म्हणून कुरकुरत आहेत. काकूंनी मात्र भिंतीवरचं वानर कुठे आहे ते नकाशावर खूण करून ठेवलं आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे मे महिन्यात जायचं असेल तर नोव्हेंबरात कामाला लागा, तारखा सहज मिळतात आणि खोल्याही. टूरवाल्याने एका रात्रीचा कागद पुढे केला तर तो तिथेच परत करा आणि चार रात्रींचा मागा. पुरेशा गिऱ्हाइकांनी मागितला तर तोही छापेल. रजा मिळत नसेल, पैसे पुरत नसतील, तर या वर्षी सँटोरिनी यादीतून काढा, रक्कम बँकेत ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात चार रात्रींसाठी जा.